धक्क्याकडची खिडकी

प्रिय ताई,

भाऊजींना नव्या जागेत करमत नाही, असं भाची फोनवर म्हणाली. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस पाण्यापासून इतक्या लांब बसून करणार तरी काय! तू मात्र मला कधी बोल लावला नाहीस. उलट सगळ्यांना सांगत फिरतेस, आमचा धाकटा सरकारात होता म्हणून एवढं तरी पदरात पडलं. ते ऐकलं की मी विषय बदलतो.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? बंदराच्या करारासाठी त्या मोठ्या देशाची माणसं आली, तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हतं. पैसा त्यांचा, यंत्रं त्यांची, घाई तेवढी आमची. अशा वेळी लहान देशाकडे हुकमाचं एकच पान असतं: आम्ही तयार आहोत हो, पण आमचे लोक ऐकत नाहीत. ते पान म्हणजे तू होतीस. नव्या बंदरात जाणारा बोटींचा धक्का वाचवायला तुम्ही तिथेच धरणं धरलंत, त्याची परवानगी मी झटपट मिळवून दिली. तुला वाटलं, भावाची माया. बैठकीसाठी धक्क्याकडे खिडकी असलेला वरचा हॉलही मीच निवडला होता. बोलणी अडली की फार उकडतंय म्हणत उठायचो आणि खिडकी उघडायचो. तुझा आवाज थेट टेबलावर यायचा. लहानपणी गल्लीत माझ्यासाठी भांडायचीस, तोच आवाज. पाहुण्यांची चुळबुळ सुरू व्हायची आणि एखादी अट सैल व्हायची. बंदर त्यांच्या ताब्यात राहायची मुदत निम्म्यावर आली, कामावर आपली माणसं घ्यायचं ठरलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

धक्का वाचवायचा विषय मात्र मी एकदाही काढला नाही, ताई. सगळं ठरल्यावर मी खिडकी लावली आणि तुला फोन केला, ऊठ, जिंकलो आपण. तू काही न विचारता उठलीस, तुझ्यामागे सगळे उठले. मग कुंपण आलं आणि भाऊजींची शेड आत गेली. देशाचं भलं झालं असं स्वतःला बजावतो, ते खोटंही नाही. तरी तुला तोंड दाखवायची लाज वाटते. भाचीच्या वाढदिवसाला कामाची सबब सांगितली, ती त्यामुळेच.

आता दुसरा मोठा देश रेल्वे घेऊन आलाय, आणि मार्ग तुमच्या नव्या वस्तीतून जातो. साहेब हसत म्हणाले, ताईंना पुन्हा बसवा की. कचेरीसमोरच्या मैदानाची परवानगी तयार आहे, उद्या तुला कळेल. नाही म्हणायची हिंमत माझी झाली नाही, म्हणून हे पत्र. तू बस, जोरात बोल. कचेरीची वरची खिडकी उघडेल, ती मीच उघडलेली असेन. पण खिडकी लागली आणि माझा फोन आला, तर या वेळी माझं ऐकू नकोस. उठू नकोस, ताई.

तुझाच, अजून म्हणशील तर,
धाकटा