अव्वाचा वाकडा हात

अव्वा,
मी पुण्याला निघाले. मानवशास्त्रालाच प्रवेश घेतलाय. काल अप्पांनी त्यावरनं पट्ट्यानं फोडलं, ओठ लई सुजलाय, पण दात शाबूत आहेत. तू लेकीसाठी मध्ये आलीस, तुझी पाठ शेकून घे. दूध तापवून ठेवलंय.

‘मेलेल्यांची हाडं बघून काय कळतंय?’ म्हणत मारत होते की. त्यांना सांग, पडताना हात टेकला की बहुतेक मनगट मोडतं. मार अडवायला हात वर धरला, की कोपराखालचं हाड मोडतं. तुझं तेच मोडलंय, वाकडं जुळलंय.

आपल्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. तुझं हाड मागं राहील, आणि ते तुझ्यासारखं ‘मोरीत पडले’ असं म्हणणार नाही.

सिद्धेश्वरी