कपाटाचं उजवं दार

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. तू तिकडून पिळायच्या आत मीच माझा कान धरतो. इकडे सगळे खुशाल. आईचा खोकला कसा आहे?

बाबांचं दुदारी कपाट अखेर माझ्या कारखान्यात येऊन पोचलं. संग्रहालयाच्या बाई बाबांच्या कोरीवकामाचं प्रदर्शन मांडताहेत, त्यात हे मधोमध ठेवणार आहेत. डावं दार बघून माझी तर बोलतीच बंद झाली. जुन्या, खोल उठावाची नक्षी, जाडजूड देठ, टोकाशी वळलेली पानं, पानाखाली बोट जाईल एवढी पोकळी. पुढे नाजूक शिंपले आणि बारीक वेली आल्या, मग तर सरळ रेघांचीच फॅशन आली, पण बाबा या जुन्या पद्धतीलाच चिकटून राहिले. गंमत म्हणजे प्रत्येक पानावर पटाशी उलट्या बाजूने चालली आहे. मी तसं करायला गेलो तर मनगट मोडून घेईन. उस्ताद माणूस!

आता उजवं दार. तुझ्यापासून काय लपवू, ते बाबांचं असूच शकत नाही. नक्षी तीच, पण उथळ, कडा कापऱ्या, खालच्या कोपऱ्यातलं एक पान तर दोनदा सुरू केलेलं. शेवटी थकले तेव्हा कुणा नवख्या कारागिराकडून करून घेतलं असणार. ते बघून लोक बाबांना नावं ठेवतील, आणि मला ते सहन व्हायचं नाही. फळी चांगली जाड आहे. येत्या सोमवारी तिच्यावर रंधा मारतो आणि डाव्यासारखीच नक्षी मी स्वतः कोरतो. आईला सांग, खूश होईल.

माझ्या आळसापायी तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आ.

आधी रंधा खाली ठेव, मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. डाव्या दाराचं कौतुक आलं तेव्हा ती हसली आणि उगाचच चष्मा पुसत बसली. उजव्या दाराशी आले तसं तिने माझ्या हातातून पत्र काढून घेतलं. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी एवढंच विचारलं, सोमवार किती तारखेला येतो.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा थकत चालले त्या वर्षांत ते कारखान्याचं दार आतून लावून घ्यायचे आणि आई पॉलिश करायला म्हणून आत जायची. आपण दोघं दीडशहाणे तेच खरं मानून चाललो. पॉलिश करून कुणाच्या बोटांना घट्टे पडतात का रे? उजवं दार आईने कोरलं असणार, बाबांना जमेना म्हणून, जमेल तसं. तू त्याला नवख्याचं काम म्हणालास, आणि मी ते घसा ताणून वाचलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तिला विचारलं तर म्हणाली, मीच लिहीन त्याला. कालपासून टेबलाशी बसते, चार ओळी लिहिते आणि फाडते.

रागावले असले तरी माया तेवढीच आहे, हे तुला माहीत आहे.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज पोचलं. काल सकाळी मी ते दोनदा सुरू केलेलं पान काढून टाकलं. तळहाताएवढी जागा सपाट झाली आहे. बाकीच्या दाराला हात लागलेला नाही, लागणारही नाही. ढलप्या वेचून एका डबीत ठेवल्या आहेत, त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. हे पत्र आईला दे. माफी कोणत्या शब्दांत मागतात ते मला येत नाही, मागायची मात्र आहे.

तुझा,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ताईने ओळखलं ते अर्धंच, आणि तेही उलटं. डावं दार मी कोरलं. शाळेत छड्या मारून मला उजव्या हाताने लिहायला लावलं, म्हणून मी डावखुरी आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. पटाशी मात्र माझ्या डाव्याच हातात बसते.

उजवं दार तुझ्या बाबांचं आहे. तेव्हा त्यांचे हात कापायला लागून सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत आपल्याकडून जे जे काम बाहेर गेलं ते त्यांनी आखलं आणि मी कोरलं. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर त्यांनी हाय खाल्ली असती. लोक त्यांचं कौतुक करायचे, मी चहा नेऊन द्यायची. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

हे कपाट मात्र घरचं होतं. म्हणाले, एक दार मी करतो. आठ महिने लागले. तू काढलंस त्या पानावर पहिल्यांदा पटाशी घसरली, तेव्हा त्यांनी ती भिरकावून दिली आणि महिनाभर आत पाऊल टाकलं नाही. मग एका सकाळी मुकाट्याने येऊन पुन्हा सुरू केलं. मनगट धरू का विचारलं तर खेकसले. माझं दार जरा साधंच कोरावं असं माझ्या मनात आलं होतं. ते त्यांनी ओळखलं. म्हणाले, हात आखडता घेतलास तर याद राख.

ते पान गेल्याचं वाचून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण दोष तुझा नाही, आम्हीच तुम्हा पोरांना कधी सांगितलं नाही. ती जागा कोरीच ठेव. तिथे काही कोरू नकोस, पॉलिशही लावू नकोस.

खोकला बरा आहे. तू वेळेवर जेवत जा, तुझ्यावरची माझी माया एका पानाने कमी होत नाही.

आणि त्या बाईंना सांग, पाटीवर दोन नावं लिहा. आता कुणी हसलं तरी ऐकायला तुझे बाबा नाहीत, आणि मी पुरेशी गप्प बसले. दारं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने नावं यायला हवीत. डावीकडचं माझं.

तुझी,
आई