बसऱ्याहून आलेलं जुनं नाव

भाद्रपद वद्य चतुर्थी, बुधवार. कोल्हापूर.

आज कचेरीत बोलावलं होतं. बसऱ्याला कामाला गेलेल्या माझ्या पोराची, आनंदाची, पेटी चोरीला गेली, तीतच प्रवासाचा परवाना होता. लढाईचे दिवस. कागद नाही म्हणून पोराला छावणीत अडकवून ठेवलंय. हेर समजले तर? नको तो विचार.

नवा परवाना द्यायच्या आधी तिथल्या साहेबानं इथं चौकशी केलीय. चौकशीच्या कागदावर पोराचं नाव आहे गणपत, आणि बाप म्हणून माझा थोरला भाऊ. पोराला दहाव्या वर्षी मी दत्तक घेतलं, तेव्हा आनंदराव हे नाव मीच ठेवलं. परवानाही त्याच नावाचा होता. भेदरून पोरगं जुनं नाव सांगून बसलं. गणपत! भीतीत त्याला आठवला तो बाप मी नव्हे.

कारकून म्हणाला, "ह्या नावाचा माणूस हितनं गेलाच न्हाय की! जन्मदात्याला आणा. पोरगा माझा हाय म्हणून त्यानं सांगू दे, मग दत्तकपत्र जोडतो."

उद्या वडगावला जाऊन दादाला आणतो. विचारायच्या आतच तो म्हणेल, "माझा हाय." मी शेजारी उभा राहून मान डोलवायची.

पोरगा सुटू दे, देवा.

पण सुटून आला, की आधी कुणाच्या दारात जाईल?