निश्चय-केंद्राचा शोध

३ मार्च
आजपासून रोजनिशी. थोर माणसांच्या मागे कागदपत्रं उरतात. मी आज गेलो तर मागे फक्त लाँड्रीची पावती उरेल.

लॅबमध्ये नवा प्रकल्प आलाय. माणसाला स्कॅनरमध्ये झोपवायचं, कपाळापाशी चुंबकाच्या कॉइलने टिचक्या मारायच्या, आणि त्याच वेळी मेंदूत कुठे उजेड पडतो ते पडद्यावर बघायचं. महिनाअखेर लॅबच्या मॅडम प्रकल्पाचा प्रमुख नेमणार. एक तर मी, नाहीतर गोगलगाय. (शेजारच्या टेबलावरची बाई. एकच मोजमाप तीनदा घेते.) म्हणजे मीच. बायकोला तसं सांगूनही टाकलं.

संकल्प: पहाटे पाचला उठणे.

४ मार्च, सकाळी ९.४०
उठलो.

८ मार्च
प्रयोगाला माणूस मिळेना. शेवटी मेहुण्याला पटवलं. दुखेल का, म्हणाला. म्हटलं, दुखायला आत काहीतरी असावं लागतं.

११ मार्च
सापडलं!! टिचकी मारली कपाळाला आणि उजेड पडला दोन्ही कानांच्या वर! लालभडक! तिथे आम्ही हातही लावला नव्हता. म्हणजे टिचकी आतल्या आत धावत जाऊन कुठल्यातरी गुप्त जागी पोचते. ती जागा कशाची? चहा घेतला. दुसरा घेतला. मग लख्ख कळलं. निश्चयाची! लहानपणी मास्तर काय उगाच कान पिळायचे?

गोगलगाय म्हणाली, पुन्हा एकदा करून बघू. जळणाऱ्यांनी खुशाल जळावं.

१२ मार्च
पुरावा! मेहुणा पहाटे पाचला उठून बसला होता. जन्मात पहिल्यांदा. तो म्हणतो, उठलो कुठला, झोपच लागली नाही, रात्रभर कानात टकटक चालू होती. बिचारा. स्वतःचा निश्चय त्याला ओळखू येत नाही.

१७ मार्च
आरशासमोर भाषणाची तालीम. 'या यशाचं श्रेय' इथे आवाज भरून येतो. येऊ दे.

बायकोने तिच्या आईला फोनवर सांगून टाकलं की जावई प्रमुख झाले. मी अडवलं नाही. बातमी खरीच आहे, फक्त जरा लवकर निघाली.

२२ मार्च
कॉइल घरी आणता येत नाही, म्हणून रात्री बोटानेच कानांवर टिचक्या मारून झोपलो. जाग आली साडेनऊला. कान सुजलेत. परिणाम होतोय.

३० मार्च, संध्याकाळ
मीटिंग झाली. फोटो पडद्यावर लावले, जरा थांबलो, टाळ्यांना वाव दिला. मॅडमनी विचारलं, कॉइल वाजते किती? म्हटलं, हातोडी मारल्यासारखी, पण आम्ही तिकडे लक्ष देत नाही.

मॅडम उठल्या. सगळ्यांना घेऊन स्कॅनरपाशी गेल्या आणि मलाच आत झोपवलं. कॉइल डोक्यापासून हातभर लांब धरली आणि नुसती वाजवली. पडद्यावर माझ्याही कानांच्या वर तोच लालभडक उजेड. मॅडम म्हणाल्या, ही आवाज ऐकण्याची जागा, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण मशीनमध्ये अडकलेल्या माणसाला तीही सोय नसते.

प्रमुख: गोगलगाय.

घरी सांगताना खरंच रडू आलं. बायकोने ताट वाढलं. सासूबाईंना फोन मात्र मीच करायचा म्हणाली.

२ एप्रिल
माझ्यावाचून त्यांचं अडतंच! गोगलगायीने आपणहून विचारलं, नमुना म्हणून मशीनमध्ये येता का, तुमचा उजेड छान स्पष्ट पडतो. काम एवढंच की न हलता, जागं राहून नुसतं पडायचं. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही. बायको म्हणाली, या कामात तुमचा हात धरणारा कोणी नाही.

३ एप्रिल
झोप लागली. घोरण्याने डोकं हललं. सगळे फोटो बाद.

उद्यापासून माझ्या जागी मेहुणा.