इंदिरानगरातला गोळीबाराचा गाळा

मी, श्रीमती लतिका ढुंढिराज आंबेकर, वय ६४, पूर्वीचा धंदा व्हिडिओ गेम पार्लर, सध्या काही नाही, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. मला भ्रम झालेला नाही. दटावण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख पुढे येईल; मी दबले नाही. प्रकृती ठणठणीत आहे असे डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांचे सगळेच मी खरे धरत नाही, म्हणून आजच लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे कोणी तसा कागद काढून दाखवला तर तो खोटा समजावा आणि त्यावरचे अक्षर माझ्या पुतण्याच्या अक्षराशी ताडून पाहावे.

१. माझे पती ढुंढिराज १९९६ साली हृदयविकाराने वारले. आम्हांला एकच अपत्य, कन्या यशश्री. तिचे यजमान समाधान चिमाजी जेजुरकर हे माझे जावई. याशिवाय धाकटे दीर आल्हाद आंबेकर आणि त्यांचे चिरंजीव हे नात्याने आहेत. नाते मी निवडलेले नव्हते.

२. राहता फ्लॅट आणि रस्त्यालगतचा गाळा या दोन्ही मिळकती माझ्या नावे खरेदी केलेल्या आहेत. गाळा एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतला असे आल्हादराव पंचवटीत सांगत फिरतात. ते खोटे आहे. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगण्याचे घरचे काम ढुंढिराजांनी आपखुशीने धाकट्या भावाला सोडले आणि वेगळे निघाले. निघताना त्यांना मिळाले ते एक ताम्हन, तेही चेपलेले. गाळा माझे दागिने मोडून घेतला.

३. त्या गाळ्यात जे यंत्र होते त्यावरून आमच्या घराण्याची अब्रू गेली असे म्हणतात, म्हणून ते काय होते हे लिहिते. मुंबईत एक हॉटेल बंद पडले, तिथून ढुंढिराजांनी ते जुने विकत आणले. कपाटाएवढा खोका, वर मोठा पडदा, पुढे तारेने जोडलेली दोन पिस्तुले. आतले चित्र कार्टूनचे नव्हते. खरी माणसे उभी करून अमेरिकेत शूटिंग केलेले होते. धुळीचे गाव, घोडे, दारूचा गुत्ता, टोपीवाले दरोडेखोर. समोरच्याने पिस्तूल काढण्याआधी आपण चाप ओढायचा. उशीर झाला तर आपण मेलो. गावातल्या निरपराध माणसाला गोळी लागली तरी खेळ संपला.

त्या नटांविषयी मला काडीचा आदर नाही. गोळी लागण्याआधीच छातीवर हात नेणारा एक इसम होता. आमच्या गल्लीच्या गणपतीत त्याला भालदाराचे कामही दिले नसते. गिऱ्हाइकेही तशीच. निम्मी मंडळी पिस्तुलाच्या नळीवर फुंकर मारायला यायची. फुंकर मारणारा एकही जण पहिली गल्ली ओलांडताना मी पाहिला नाही. ढुंढिराजांना स्वतःला नेम कधी जमला नाही, पण ते हसत हरायचे. हरताना हसणारा दुसरा पुरुष मी आंबेकरांत पाहिला नाही.

४. ते गेल्यावर तेराव्याच्या पंगतीतच आल्हादराव मला म्हणाले, “वहिनी, विधवा बाईनं गोळीबाराचं दुकान चालवणं बरं दिसत नाही. गाळा माझ्याकडे द्या. चिरंजीव यात्रेकरूंच्या गाड्यांचं ऑफिस टाकतील.”

“भाऊजी, हातातला लाडू तरी संपवा,” मी म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात मी शटर उघडले. यशश्री कॉलेजातून येऊन गल्ल्यावर बसू लागली. कोणता दरोडेखोर कोणत्या खिडकीतून येतो हे पाठ करण्यात काही अक्कल नव्हती, कारण त्याच खिडकीतून कधी दरोडेखोर यायचा, तर कधी दूधवाली. बाकीचे हालचाल दिसली की चाप ओढत. यशश्री आधी तोंड पाहायची, मग ओढायची. तिने तो खेळ शेवटापर्यंत नेला तेव्हा गाळ्यात शिट्ट्या वाजल्या. शिट्टी मारणाऱ्यांना मी बाहेर काढले, तरी मला बरे वाटले हे नाकारत नाही.

५. १९९९ साली आल्हादरावांनीच यशश्रीसाठी एक स्थळ आणले. मुलगा पुण्यात कुठल्याशा कंपनीत साहेब होता. त्याचे नाव लिहून कागद खराब करीत नाही. पोहे झाल्यावर त्याने घरचा धंदा पाहण्याची इच्छा दाखवली, म्हणून सगळे गाळ्यात गेलो. पिस्तूल त्याने पूजेतल्या पळीसारखे धरले आणि गुत्त्याच्या दारात हात वर करून आलेल्या पहिल्याच म्हातारीला ठार केले. पुन्हा खेळला, पुन्हा तीच म्हातारी.

“नेम सरकलाय याचा. मेंटेनन्स नाही दिसत,” तो म्हणाला.

यशश्रीने त्याच्या हातातले तेच पिस्तूल घेतले आणि गुत्ता, बँक, तबेला सगळे साफ करून टोळीच्या दाढीवाल्या म्होरक्याला आडवे केले. म्हातारी सुखरूप राहिली.

मुलाची आई म्हणाली, “आमच्यात मुली पाहुण्यांना हरवत नाहीत.”

“मी कुठं हरवलं, काकू?” यशश्री म्हणाली. “मी दाढीवाल्याला हरवलं. तुमच्या मुलाला म्हातारीनं हरवलं.”

आल्हादराव लालबुंद झाले. “वहिनी, तिला माफी मागायला सांगा!”

“कोणाची? म्हातारीची? तिला तर यांनी मारलं.”

स्थळ मोडले. मोडले ते उत्तम झाले. पण त्यानंतर आल्हादरावांनी जे केले ते मी विसरलेली नाही. मुलगी टवाळ पोरांत उठबस करते, आईचा धाक नाही, हे त्यांनी दक्षिणा घेता घेता घरोघर सांगितले. दोन चांगली स्थळे उंबऱ्यावरून परत गेली. यशश्रीने गाळ्यात येणे बंद केले. पिस्तूलवाल्या दरोडेखोरांना जी भ्याली नाही ती माझी पोर सख्ख्या काकाच्या जिभेला भ्याली. हे मी क्षमा करीत नाही, आणि मेल्यावर माझ्या वतीने कोणी करू नये.

६. पुढच्या वर्षी ढुंढिराजांच्या श्राद्धासाठी आम्ही मायलेकी पंचवटीत गेलो होतो. विधी आल्हादराव स्वतः सांगत होते, आणि फार सावकाश सांगत होते. परत येऊन गाळा उघडला तर दोन्ही पिस्तुलांच्या तारा मुळापासून कापलेल्या. कुलूप शाबूत. जास्तीची किल्ली ढुंढिराजांच्या वेळेपासून दिरांच्या घरी होती. मी शटर ओढून घेतले आणि कोणाला अक्षर बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुतणे आले आणि दारातूनच म्हणाले, “अरेरे, काकू, दोन्ही तारा गेल्या का?”

असा गुन्हेगार त्या अमेरिकन खेळातसुद्धा कोणी घेतला नसता. मी किल्ली मागून घेतली आणि त्यांना चहा न विचारता घालवले.

शेजारच्या गाळ्यात समाधानचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. त्याने तारा जोडल्या, ज्यावर ते शूटिंग होते ती आतली डिस्क पुसली आणि म्हणाला, “काकू, जोडलंय, पण नेम बरोबर लागतोय का ते मला कळणार नाही. यशश्रीताईंना बोलवा.” ताई हा शब्द त्याने नंतर काही महिन्यांत सोडला. ती आली, खेळली, आणि पुन्हा रोज येऊ लागली. यासाठी मी त्या मुलाला काहीही द्यायला तयार होते. त्याने मुलगीच मागितली.

समाधानचे वडील चिमाजी मखमलाबादेत गुलाब आणि झेंडू पिकवतात. आम्ही बामण, ते माळी. मी मनातून धास्तावतच त्यांच्याकडे गेले. ते मळ्याच्या बांधावर उभे होते. म्हणाले, “पोरगी नेमबाज हाय म्हणं? बरं झालं. आमच्याकडं वानरं लय येत्यात.” त्यांच्या पत्नी कलाबाईंनी त्यांना गप्प केले आणि यशश्रीच्या ओंजळीत गुलाब घातले. पत्रिका, मानपान काही नाही. २००१ साली लग्न झाले. आल्हादरावांनी त्या दिवशी मुलीच्या नावाने आंघोळ केली. आंघोळ त्यांना एरवीही करता आली असती.

७. यंत्राची डिस्क पुढे चालेनाशी झाली आणि पोरे सायबर कॅफेत गेली. यंत्र समाधानला देते. मोडून भाग वापरावेत. माझी आठवण म्हणून घरात ठेवू नये, जागा अडते.

८. गाळा आणि फ्लॅट यशश्रीला, एकटीला, पूर्ण मालकीने. बँकेतले जे असेल ते तिलाच. चेपलेले ताम्हन कलाबाईंना, फुले ठेवायला. आल्हादराव व त्यांचे चिरंजीव यांना काहीही नाही. हरकत येऊ नये म्हणून नाममात्र एक रुपया ठेवा, असे वकील म्हणाले. मी ठेवणार नाही.

९. गेल्या महिन्यात आल्हादराव आले होते. इंदिरानगरात गाळ्यांचे भाव चढले आहेत, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळले. म्हणाले, “वहिनी, झालं गेलं गंगेला मिळालं. गाळा चिरंजीवांच्या नावावर करा. शेवटी तुम्हांला अग्नी द्यायला आमच्याच घरचा पुरुष लागणार ना?”

“म्हणजे एका काडीला एक गाळा? काडीचा भाव बराच चढलाय,” मी म्हणाले आणि दार उघडून उभी राहिले.

ते गेल्यावर मी दाराला कडी लावली. त्यांचे बोलणे लागले नाही असे लिहिले तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल. जन्मभर त्या घरात मंत्र ऐकले, आणि शेवटी तेच माझ्यापुढे धमकी म्हणून आले. संध्याकाळी मी यशश्रीला बोलावून विचारले, “मला अग्नी तू देशील?”

ती म्हणाली, “आई, मला मंत्र येत नाहीत.”

“काकांना येतात. त्यांनी त्या मंत्रांचं काय केलं ते पाहिलंस ना?”

म्हणून लिहून ठेवते: मला अग्नी यशश्री देईल. अमरधाम स्मशानात आल्हादराव आले तर त्यांना लांब, सावलीत बसवावे. कोणी शास्त्र काढले तर वाद घालू नये. हा कागद दाखवावा आणि काम चालू ठेवावे. त्या वेळी यशश्रीला रडू आले तर येऊ द्यावे. मोठ्या माणसांनी पाठीवर हात ठेवून तिला गप्प करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला. एकही शब्द मागे घेण्यासारखा आढळला नाही.

ठिकाण : इंदिरानगर, नाशिक
दिनांक : ९ ऑगस्ट २००७

(सही) लतिका ढुंढिराज आंबेकर

लतिकाबाईंनी आमच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली :

१. निवृत्ती यादव सानप, निवृत्त हवालदार, देवळाली कॅम्प (सही)
२. मनीषा बोरस्ते, औषध विक्रेत्या, इंदिरानगर (सही)