तीस दिवस, अकरा निअर मिस

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
सिगारेट कायमची बंद. मागच्या वेळी एक्केचाळीस दिवस टिकलो होतो. राजगुरुनगरला मेव्हण्याच्या हळदीत घात झाला. त्यात माझी चूक नव्हती, डीजे होता. यावेळी सिस्टिम लावणार. सिस्टिमशिवाय माणूस आणि मशीन दोन्ही बिघडतात, हे चाकणला कंपनीत लाइनवरच्या पोरांना मी एकोणीस वर्षं सांगतोय.

संध्याकाळी
कंपनीच्या भंगारातला ‘अपघातविरहित दिवस’ लिहिलेला बोर्ड सांगवीला घरी आणला, फ्रिजशेजारी ठोकला. आमच्या हर्षालीने त्यावर दोन रकाने आखले: पप्पा आणि हर्षाली. म्हणाली, तुम्ही सिगारेट सोडा, मी रील्स सोडते. अपघात झाला की आकडा शून्य. आठवीतली पोर, भरात बोलते. चार दिवस टिकली तरी डोक्यावरून पाणी.

६ फेब्रुवारी
दोघांचेही ४. डोकं ठणकतंय. पोहे खारट. पूनम म्हणते, अहो, मीठ रोजच्याएवढंच आहे, तुमचंच तोंड बिघडलंय. बायकांना विथड्रॉवल कळत नाही.

९ फेब्रुवारी
गेटबाहेरच्या टपरीवर धनेशच्या सिगारेटचे दोन झुरके. धनेश माझ्याच लाइनवरचा ऑपरेटर, पण जीभ मॅनेजरची. म्हणे, काय साहेब, आता बोर्डाचं काय? त्याला नियम समजावला. इजा झाली तर अपघात. थोडक्यात निभावलं तर निअर मिस. निअर मिसने बोर्ड बदलत नाही, वेगळी नोंद करायची. केली. निअर मिस: १.

१४ फेब्रुवारी
बोर्ड १२. निअर मिस ४. कंपनीच्या पद्धतीने पाच वेळा ‘का?’ विचारलं. का ओढली? चहा घेतला. चहा का? डोकं फिरलं. का फिरलं? मीटिंग. मीटिंग का? मॅनेजर. मॅनेजर का? याचं उत्तर एचआरकडेही नाही. मूळ कारण सापडलं. माझ्यात दोष नाही.

२० फेब्रुवारी
बोर्ड १८. आज अख्खी ओढली. पण उभ्याने, घाईत, आणि मजा अजिबात आली नाही. त्यामुळे निअर मिसच. एकूण ७. बडीशेप चघळत घरी आलो. हर्षालीने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकली. पोरीला बडीशेपेचा वास सहन होत नाही बहुतेक.

२६ फेब्रुवारी
बोर्ड २४. पोरगी अजून टिकून आहे, कमाल आहे. मैत्रिणी कोणत्या रीलवर हसतात ते तिला कळत नाही, म्हणून डब्याच्या सुट्टीत एकटी बसते, असं पूनमने सांगितलं. फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की तलफ येते. निअर मिस ९.
बोर्डाची गोष्ट साहेबांपर्यंत गेली. सुरक्षा दिनाला माझा सत्कार आहे. धनेश नुसता हसतो. जळतो.

४ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७
सर्टिफिकेट आणि स्टीलची बाटली मिळाली. ‘आकडा खोटं बोलत नाही’ या विषयावर बोललो. टाळ्या. टेन्शनमुळे भाषणाआधी एक, आनंदामुळे नंतर एक. निअर मिस ११.

घरी आलो तर बोर्डवर पप्पा ३०, हर्षाली ०. क्लासमध्ये मैत्रिणीने रील समोर धरलं, हिने पाहिलं. अर्धंच. घरी येऊन स्वतःच आकडा पुसला म्हणे. रडून डोळे सुजलेले. मी म्हणालो, अगं वेडाबाई, याला निअर मिस म्हणतात, याने बोर्ड बदलत नाही.

तिने डोळे पुसले. विचारलं, असं पण असतं? मग तुमचे किती झाले, पप्पा?

म्हणालो, दोन-तीन.

भांडली असती तर परवडलं असतं. मार्कर माझ्या हातात दिला. तुमचा आकडा आता तुम्हीच लिहीत जा, म्हणाली, आणि अभ्यासाला बसली.

लाज वाटली. खरंच वाटली. तीस पुसले, शून्य काढलं. तिच्या शून्याएवढं नीट नाही आलं.

७.४०
पाच मिनिटं खाली जाऊन आलो. आज तसंही शून्यच आहे. ही धरायची नाही.