तुळईवरचा कापूस

शके १८६१, निज श्रावण शु. ७
जिनिंगचे सरकी काढायचे रेचे खोलले. दसऱ्यापर्यंत कापूस नाही, तोवर दुरुस्ती. यंत्रं बघणारा जर्मन साहेब स्वतः तेलात हात घालतो. मी मापाडी, काटा पुसला की रिकामा. साहेब मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, तुमचा 'कापूस' फार पूर्वी रोमी लोकांकडे गेला, तिथं त्याचा अर्थ झाला जहाजाचं शीड. दिवसभर डोळ्यांपुढं शीड. समुद्र पाहिलेला नाही.

शु. १०
साहेब आज आणखी नावं सांगत बसला. इंग्रजांचा कॉटन, फ्रेंचांचा कोतों, मूळ अरबी. स्पेनवाल्यांचा आल्गोदोनही तोच, अरबांचा 'अल' पुढं चिकटून आलेला. ग्रीक म्हणतात वामवाकी, हंगेरीत पामुत. इंजिनवाला रहीमभाई उठूनच उभा राहिला.
"अप्पा, ये तो अपना पंबा! फारसी है! साब, तुम्हारा खुद का कुछ है के सब उधारी का?"
साहेब हसला. त्यांचा बाउमवोल. म्हणजे झाडाची लोकर. मेंढ्या झाडाला लागतात असं तिकडं पूर्वी लोकांना वाटायचं म्हणे. पोलंडवाल्यांनी त्यावरूनच केलं बावेउना.
एक बोंड, इतकी तोंडं. शिवाचीही नावं अशीच.

शु. १४, सोमवार
उपास. गाठी बांधायच्या प्रेसच्या तुळईवर दरसाल हंगामाआधी गेरूनं शुभ-लाभ लिहितो. यंदा त्याखाली ही सगळी नावं बालबोधीत लिहिली. पूजाच ती. साहेब शिडी धरून एकेक नाव सांगत होता. आणखी आहे का विचारलं, तर थांबला. मग म्हणाला, शीसबाउमवोल. लिहून झाल्यावर अर्थ विचारला. बंदुकीचा कापूस. तेजाबात भिजवून त्याचा दारूगोळा करतात.
पुसू का म्हटलं. "रहने दो. कौन पढ़ेगा."
घरून पत्र नाही म्हणत होता.

व. ६
स्टेशनात बातमी. इंग्रज आणि जर्मन यांची लढाई लागली. आपलं हैदराबादचं सरकारही इंग्रजांकडून. साहेब नेहमीसारखा आला. हमाल त्याच्यासमोरून जाईनात, मागून वळसा घालून जायला लागले. घरी ही म्हणाली, "तुमी लय बोलू नका आता त्याच्यासंगं."

व. ८
पोलिसांचा अमीन आणि तीन शिपाई. साहेबाची खोली उपसली. परत जाताना अमीनाची नजर तुळईवर गेली. शाळेच्या मास्तरांना बोलावलं. मास्तर वाचत गेले, आल्गोदोन, पामुत, बावेउना. अर्थ? "अर्थच न्हाई साहेब, कोणत्याच भाषेचा वाटंना." अमीन म्हणाला, खुफिया इशारा. किसने लिखा?
मी काट्यापाशी उभा. तोंड उघडलं, तर साहेब आधी बोलला. "मैंने."
लिहून दाखव म्हणाले. त्यानं गेरू घेतला, वर बघत बघत दोन अक्षरं काढली. पहिलीच्या पोरासारखी. अमीन उर्दूवाला, त्याला बालबोध येत नाही. मास्तरांना येतं. मास्तर खाली बघत राहिले.
साहेबाला परभणीला नेलं. माझ्याकडं बघितलंही नाही.

व. ११
तुळईवरची नक्कल हैदराबादला गेली. तिथं जर्मन जाणणारा माणूस आहे म्हणतात. बाकीचे शब्द वाचून हसेल. शेवटच्यावर...
रहीमभाईनं न विचारता रॉकेलच्या चिंधीनं तुळई पुसली. शुभ-लाभही गेलं. त्याला म्हटलं, मी जाऊन सांगतो. "अप्पा, पागल हुए? वो गया. तुम भी जाओगे?"

श्रावण अमावस्या, पोळा
बैल सजले, वाजंत्री झाली, माझं मन नाही. पूजेत इष्टलिंग हातावर होतं आणि तोंडी नामाऐवजी तुळईवरचे शब्द.
संध्याकाळी हिला सगळं सांगितलं, परभणीला जातो म्हटलं. हिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग, "साहेबानं तुमाला वाचवलं. तुमी गेलात तर त्याचं वाचवणं बी वाया."
"आणि नाही गेलो तर?"
ही उठली. भाकऱ्या थापायला बसली. उद्याच्या गाडीपुरत्या.
अक्षर माझं, हे सांगेन. नावं कापसाची, हेही. शेवटच्या शब्दाचा अर्थ विचारतीलच. हैदराबादच्या माणसाला तो लागला नसला आणि मी खरा सांगितला, तर साहेब कायमचा जातो. खोटं आजवर बोललो नाही.
दिवा बारीक केला. अजून ठरत नाही.